रिकाम्या पंचाची टकटक

बावीस वर्षं कंडक्टर होतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास माझ्या पायांकडं बघतो. उभं राहून राहून पाय गेले असतील, असं त्याला वाटतं. पायांना माझ्या काही धाड भरली नाही. जाणार होता तो उजव्या हाताचा अंगठा, आणि त्याच्यासोबत नोकरी. ते एक वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत.

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. तिकिटाचं मशीन तेव्हा आमच्याकडं आलं नव्हतं. गळ्यात चामड्याची पिशवी, डाव्या हातात तिकिटांचा ट्रे आणि उजव्या हातात पंच. पंच म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा, मुठीत मावेल एवढा. भाड्याप्रमाणं ट्रेमधली तिकिटं फाडायची, एकावर एक धरायची आणि माणूस जिथं उतरणार त्या टप्प्याच्या आकड्यावर भोक पाडायचं. लांबचा प्रवासी असला की चार-चार तिकिटं एकदम दाबायची. एकेक करत बसायला वेळ कुणाला होता? कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. कुणाची शेळी माझ्या गुडघ्याला टेकलेली, कुणाचं गाठोडं माझ्या पाठीवर, आणि पुढचं गाव यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून व्हायला पाहिजेत.

आणि मधल्या वेळात? मधल्या वेळात आम्ही पंच वाजवायचो. टक टक, टक टक. पंचात तिकीट नसलं तरी नुसताच दाबायचा. त्या आवाजानं डुलकी घेणारा माणूस जागा होऊन खिशात हात घालायचा. हळूहळू ती सवयच होऊन जायची. गाडी रिकामी असली तरी टकटक, चहा प्यायला उतरलो तरी टकटक. नवख्याचा पंच अडखळत वाजायचा. माझा मात्र एकसारखा वाजायचा, अख्ख्या डेपोत ओळखू यायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "मास्तर, तुमचा पंच चालू असला का मला झोप येत न्हाई बघा." मला त्याचा केवढा रुबाब वाटायचा! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एक दिवस सकाळी तोंड धुताना हातातून तांब्या निसटला. बायको म्हणाली, "अवो, झोपेत हायसा का?" मी म्हणालो, "तांब्याला साबण लागला होता." साबण कसला न् काय कसला! अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, कुणी गरम सुई खुपसावी तशी कळ आली होती. चार दिवसांनी डब्याचं झाकण फिरवताना आली. मग शर्टाची गुंडी लावताना. मग गाडीचं दार ओढताना. पहिली फेरी जरा बरी जायची, दुसऱ्या फेरीला अंगठा जड व्हायचा आणि तिसऱ्या फेरीला कुरुंद्याला पोचेपर्यंत मी दात आवळून पंच दाबायचो.

दुखण्याची भीती मला नव्हती. दुखतंय ते दुखू दे. भीती निराळीच होती. जोर कमी पडला की पंच तिकिटांच्या आरपार जात नव्हता. वरच्या तिकिटाला भोक पडायचं आणि खालच्याला नुसता वण उमटायचा. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? पण भोक नसलेलं तिकीट म्हणजे कोरं तिकीट. प्रवासी उतरताना ते परत घ्यायचं आणि दुसऱ्याला विकायचं, ही कंडक्टरची जुनी चोरी. चेकिंगवाले तेच शोधत फिरायचे. आमच्या डेपोतला एक चांगला माणूस असल्याच दोन तिकिटांपायी घरी बसला होता. त्यानं चोरी केली होती का नव्हती, देव जाणे. पण त्याच्या पोरीची जमलेली सोयरीक मोडली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मलाही दोन पोरीच होत्या.

मग मी काय केलं असेल? एकेका तिकिटाला दोनदा दाबायला लागलो. भोक पडलं का ते उजेडाला धरून बघायचं, नसलं पडलं तर परत दाबायचं. म्हणजे ज्यानं हात दुखत होता तेच मी दुप्पट करून राहिलो होतो. आणि रिकामी टकटक चालूच. उलट मी ती वाढवली, कारण पंच बंद पडला तर कुणाला तरी वाटेल, ह्याच्या हाताला काहीतरी झालंय.

घरात बायकोपासून फार दिवस लपलं नाही. एका सुट्टीला तिनं शेजारणीकडून बिब्बा आणला. "एकदा घालून बघू," म्हणाली. सुईला टोचून दिव्यावर धरला, त्याचं तेल फसफसून बाहेर आलं आणि तिनं माझ्या मनगटावर तीन ठिपके दिले. तिचा काही दोष नाही, आमच्याकडं गुडघ्याला, पाठीला सगळे हेच करतात. पण दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. मनगट टरारून सुजलं, वर पाण्याचे फोड. अंगठा आधी दुखत तरी हलत होता, आता हलेचना. बायको रडायला लागली आणि मी तिच्यावरच खेकसलो. मग बाहीची गुंडी लावून, फोड झाकून, ड्यूटीवर गेलो. दोन दिवस डाव्या हातानं पंच मारला. टप्पा चुकायचा, भोक भलत्याच आकड्यावर पडायचं. एका गुरुजींनी तिकीट बघून विचारलं, "काहो मास्तर, मला सेनगावला न्यायचंय का अर्ध्यात उतरवायचंय?" सगळे हसले. मीही हसलो.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयानं लहान, पण जिभेनं कडक. त्यांनी मला अंगठा मुठीत दाबून धरायला सांगितला आणि मूठ खाली वाकवली. मी ओरडलोच. ते म्हणाले, "अंगठ्याच्या दोऱ्या ज्या नळीतून सरकतात ती नळी सुजलीय. दिवसातून किती वेळा दाबता ते?" मी म्हणालो, "जितके प्रवासी तितके वेळा." खरं उत्तर मला तेव्हा माहीतच नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तीन आठवडे पूर्ण विश्रांती, त्यानंतर दाबायचं काम नाही, हलकं काम. "आणि असंच रेटलं ना," ते म्हणाले, "तर एक दिवस हा अंगठा वाकेल आणि परत उघडणार नाही. मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही."

चिठ्ठी मी घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि ठेवली ती ठेवलीच. डेपोत हलकं काम म्हणजे काय, हे मी बघितलं होतं. एकाची पाठ गेली म्हणून त्याला पार्सलच्या खोलीत बसवलं, तिथून 'हा कामाचा न्हाई' असा शेरा, आणि वर्षभरात माणूस घरी. रोज सकाळी ठरवायचो, आज देतो. रोज साहेबांच्या दारापर्यंत जायचो आणि पाणी पिऊन परत यायचो. दोन महिने! अंगठ्याची भीती एकीकडं, साहेबाची दुसरीकडं. दोन्हींच्या मधून मी रोज गाडी घेऊन निघायचो.

त्या दिवशी सेनगावहून हिंगोलीला येत होतो. नरसीला गाडी थांबली आणि माझा बाप चढला. आमचं गाव नरसीच्या अलीकडंच. घरची मेंढरं, थोड्या शेळ्या. एका शेळीला औषध आणायला तो हिंगोलीला निघाला होता. मी पैसे घेणार नव्हतो, माझ्या खिशातले टाकले असते. पण त्यानं कनवटीचे पैसे काढून सगळ्यांसमोर पुढं केले. "तिकीट फाड," म्हणाला, "फुकट्या न्हाई मी." मी दोन तिकिटं फाडून एकदम पंच मारला. गर्दी होती, उजेडाला धरून बघायचं राहून गेलं.

बा दाराजवळच्या सीटवर बसला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी आपला गाडीतून मागं-पुढं करतोय, टक टक, टक टक. थोड्या वेळानं तो म्हणाला, "काहून वाजवून राहिला रे ते रिकामंच?"

"सवय हाय, बा."

"कातर आमी मेंढराच्या अंगावर चालवतो. हवेत न्हाई चालवत."

"कातर निराळी, हे निराळं."

"हात तर तोच हाय ना?" तो म्हणाला. "आन् धार कधी लावली त्याला? आवाजच बोथट येऊन राहिला."

चार माणसं फिसकन हसली. माझं डोकंच फिरलं. एक तर हात ठणकत होता, त्यात हा भर गाडीत मला शिकवतो! मी म्हणालो, "बा, गप बस. तुला काय कळतंय ह्यातलं? मेंढरं वळ तू." बा खिडकीतून बाहेर बघायला लागला. बापाला असं बोलून गेलो म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं?

हिंगोली चार-पाच किलोमीटरवर राहिली असेल तेव्हा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला जीप. चेकिंग!

दोघं जण चढले. मोठे साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. "तिकिटं हातात धरा, सगळ्यांनी." मागून तपासायला लागले. प्रत्येक तिकीट खिडकीकडं धरून बघत होते. मागची सीट झाली. मधली झाली. एका बाईचं तिकीट त्यांनी दोनदा बघितलं आणि परत दिलं. आता शेवटची सीट. बाची.

साहेबांनी बाची दोन्ही तिकिटं वेगळी केली. एक उजेडाला धरलं. मग दुसरं धरलं. मग चष्मा वर सरकवून परत धरलं.

"ह्याला पंच नाही."

"मारलाय साहेब," मी म्हणालो. "वण असंल बघा."

"वणाला काय करू? हे तिकीट उद्या परत चालेल." त्यांनी बाच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तोंडवळा आमचा एकच. "बाबा, हे कंडक्टर तुमचे कोण?"

मी मनातल्या मनात म्हणालो, बा, कोणी न्हाई म्हण. एवढं एकदा कोणी न्हाई म्हण.

"बाप हाय मी त्याचा," बा म्हणाला.

गाडीत कुणीतरी "आगाई गं" म्हणालं. साहेबांचं तोंड बदललं. सोबतच्यानं वही उघडली. घरच्याच माणसाला कोरं तिकीट, म्हणजे चोरी पक्कीच. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या दोन पोरी, दप्तरं घेऊन शाळेत निघालेल्या. चोराच्या पोरी.

बा उठला. त्यानं माझा उजवा हात धरला, बाहीची गुंडी तटकन तोडली आणि मनगट साहेबांसमोर केलं. बिब्ब्याचे काळे डाग, सूज, सगळं उघडं. "चोरी न्हाई साहेब ही. ह्याचा हात गेलाय. मी नरसीपासून बघून राहिलो, पंच दाबताना खांदा वर येतो ह्याचा. ज्याच्या बोटात जोर असतो त्याचा खांदा येत न्हाई वर."

"तुम्हाला काय माहीत?" साहेबांनी विचारलं.

बानं स्वतःचा उजवा हात पुढं केला. मधली दोन बोटं तळव्यात वाकलेली. डाव्या हातानं त्यानं ती उघडायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यातच अडकली. "चाळीस वर्षं मेंढरं कातरली. मी बी असाच लपवत राहिलो."

मेंढरं कातरणं त्यानं काही वर्षांपूर्वी सोडलं होतं. तेव्हा म्हणाला होता, आता डोळ्यांनी दिसत नाही. आम्ही मोतीबिंदूसाठी मागं लागलो तर टाळायचा. आम्हाला वाटलं, म्हातारा घाबरतो.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "डॉक्टरला दाखवलं का?" मी खिशातून चिठ्ठी काढली. घामानं घड्या फाटल्या होत्या. त्यांनी ती उलगडून वाचली, तारीख बघितली आणि असे भडकले की विचारू नका. "दोन महिने! दोन महिने ही काय उबवत होता का खिशात? ही दिली असती तर आज मी तुम्हाला चोर लिहिणार होतो का?" मग मला म्हणाले, "पंच मारा माझ्यासमोर." दोन तिकिटं धरली. मी सगळा जोर लावला. वरच्याला भोक पडलं, खालच्याला वण. डोळ्यातून पाणी आलं ते दुखण्याचं होतं का कशाचं, मला सांगता येणार नाही.

त्यांनी अहवाल लिहिलाच. पण त्यात हाताचंही लिहिलं आणि चिठ्ठीही जोडली. मला समज मिळाली, तीन आठवडे रजा मिळाली आणि त्यानंतर दोन महिने चौकशीच्या खिडकीत बसून मी माईकवर गाड्या पुकारत होतो. शेरा कुणी मारला नाही. स्टोअरमध्ये नवा पंच मागितला तर त्यांनी दहा मिनिटांत काढून दिला. जुन्याची धार पार गेली होती, म्हणाले, आधी का नाही आलात?

गाडीवर परत गेलो त्या पहिल्या दिवशी मी एक गोष्ट केली. हिंगोली ते कळमनुरी, हात रिकामा दाबायला गेला की मनात मोजायचं. एका फेरीत मोजता मोजता मीच थकलो. तिकिटांच्या कितीतरी पट मी हवाच दाबत होतो. नोकरीला लागल्यापासून नऊ वर्षं! मग पंचाला दोरी बांधून तो पट्ट्याला लटकवला. तिकीट फाडल्यावरच हातात घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा. दोनपेक्षा जास्त तिकिटं एकदम दाबायची नाहीत. मनगट सरळ ठेवायचं, कोपर अंगाला. "तिकीट बोला" हे तोंडानं म्हणायचं. प्रवासी विचारायचे, "मास्तर, पंच मुका झाला का?" सहकारी हसायचे, टकटक नसलेला कंडक्टर कसला, म्हणायचे. मी एकेकाला धरून सांगायचो, अंगठा मुठीत दाबून बघ, दुखतंय का? दोघांचं दुखत होतं. दोघंही म्हणाले, कुणाला सांगू नका.

अंगठा पूर्ण सुटल्यावर मी बाला घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बाची बोटं हळूहळू उघडायचा प्रयत्न केला. "बाबा, किती वर्षं झाली?"

"आठ झाली असतील."

"पहिल्या वर्षी आला असतात तर विश्रांतीवर भागलं असतं," ते म्हणाले. "आता ऑपरेशन केलं तरी सरळ होतील असं मी सांगत नाही."

बानं मान हलवली, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझा अंगठा दाखव." मी वाकवला, उघडला. "आनिक एकदा." मी परत वाकवला, उघडला. "सुटला," तो म्हणाला आणि हसला.

"तू आमाला काहून सांगितलं न्हाई, बा?"

"हात गेला म्हणलं असतं तर मेंढरं इकायला लावली असती तुमी."

दर सुट्टीला मी गावी जायचो, त्याच्या समोर बसून जेवायचो. भाकरी मोडताना त्याच्या हातातून तुकडे पडायचे, कालवण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं, आणि मी म्हणायचो, बा, नीट खाय की, लेकरागत काय सांडून राहिला. आठ वर्षं म्हणत होतो. तो गुमान सांडलेलं वेचून ताटात टाकायचा. दिवसभर माणसांच्या हातांकडंच बघायची माझी नोकरी, पण त्याच्या हाताकडं मी एकदाही बघितलं नव्हतं.